बेरजेत आम्ही कुठं?

रोग ओसरला आणि हिशेबनीस बसले. जगभरचे अर्थतज्ज्ञ, डॉक्टर, सरकारी समित्या आपापल्या चोपड्या उघडून कोरोनाच्या वर्षांचा जमाखर्च मांडतायत. एक म्हणतो, टाळेबंदीनं लाखो जीव वाचले, धंदा बुडाला तर बुडू दे. दुसरा म्हणतो, टाळेबंदीनं देशाचं वाटोळं केलं, स्वीडनसारखं सगळं उघडं ठेवायला हवं होतं. दोघांकडं आकडे आहेत, तक्ते आहेत. भांडतात कडाकडा, पण शेवटी दोघंही एकच रेघ मारून खाली एकच बेरीज लिहितात : देशाला इतका फायदा, देशाला इतका तोटा.

मला दोघांनाही एक साधा सवाल करायचाय. फायदा ज्याच्या खात्यावर जमा झाला आणि तोटा ज्याच्या खात्यातून वळता झाला, ती माणसं एकच होती का? नसतील तर ही बेरीज कुठल्या न्यायानं मारली? सावकाराचं व्याज आणि कुळाचं कर्ज एकाच पानावर मांडायचं आणि खाली लिहायचं, 'गावाची परिस्थिती बरी आहे.' त्यातलाच हा प्रकार.

आधी एक गोष्ट साफ करतो. रोग खोटा होता, सगळं औषधवाल्यांचं नाटक होतं, असं बोलणाऱ्यांच्या पंगतीला मी बसत नाही. माणसं मेली. सरकारी आकडा सव्वापाच लाखांच्या थोडा पुढं जाऊन थांबला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली अंदाज काढला, तो २०२० आणि २०२१ या दोन वर्षांपुरताच ४७ लाखांचा. त्यात थेट रोगानं गेलेले आले आणि त्या धामधुमीत दवाखाना न मिळून जास्तीचे गेलेलेही आले. भारत सरकारनं तो अंदाज मान्य केला नाही. असू दे. पण ज्या देशात मढी मोजण्यावरून लाखोंचा फरक पडतो, त्या देशात कुणी पैपैचा नफातोटा सांगायला लागला तर त्याला आधी विचारा, बाबा रे, तुझ्या चोपडीचं पहिलं पान कुठाय?

हा तराजू चालतो कसा, तेही समजून घ्या. एका पारड्यात वाचलेले जीव, दुसऱ्यात बुडालेलं उत्पन्न. पण जीव आणि पैसा एका मापानं मोजायचे तर जिवाला किंमत लावावी लागते. अमेरिकेची सरकारी खाती ती लावतात. एका जिवाची किंमत १ कोटी डॉलरच्या आसपास, अलीकडं त्याहून जास्त. ही किंमत ठरते कशी? धोक्याचं काम पत्करायला माणूस किती जादा मजुरी मागतो, यावरून. आता हे गणित आमच्या वस्तीत आणून बघा. जो माणूस शे-दोनशे जादा मिळतील म्हणून गटारात उतरतो, त्याचा जीव या मापानं मातीमोल निघतो. तो स्वस्तात उतरला, म्हणजे त्याला जीव स्वस्त वाटतो, असं हे शास्त्र म्हणतं. घरी चूल पेटवायचीय म्हणून उतरला, हे या शास्त्राला दिसत नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी बजावलं होतं की मतपेटीपाशी आपण सगळे सारख्या मोलाचे होऊ, पण समाजात आणि पोटापाण्याच्या व्यवहारात ते मोल नाकारलं जाईल. साथीच्या दिवसांत हे कळतं. रोगाच्या काळात सरकार जे काही ठरवतं ते शेवटी एवढंच असतं : कुणाच्या जिवाचं किती मोल.

*

'साथीपुढं सगळे सारखे' असं टीव्हीवर फार ऐकलं. तद्दन खोटं. १९१८ चा इन्फ्लुएंझा घ्या. मुंबई शहरातल्या त्या सालच्या मृत्यूंच्या नोंदी जातीधर्मावार आहेत. हजारी मृत्यू असे : युरोपियन ८.३, पारशी ९, मुसलमान १९.२, सवर्ण हिंदू १८.९, आणि ज्यांना त्या नोंदीत 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटलंय ते ६१.६. सवर्णापेक्षा तिप्पट, गोऱ्या साहेबापेक्षा सातपट. शहर एक, हवा एक, रोग एक. फरक होता तो खोलीत किती माणसं, नळ किती लांब, ताप आला तर सुट्टी मिळते का, आणि डॉक्टर दारात येतो का, याचा.

हा तक्ता कुणीतरी जातीवार ठेवला म्हणून आज शंभर वर्षांनी आपल्याला सत्य कळतं. २०२० सालचा असा तक्ता कुठं आहे? शोधा. देशाचा आकडा मिळेल, राज्याचा मिळेल, वयाचा मिळेल, बाई-बाप्याचा मिळेल. जातीचा मिळणार नाही. इंग्रजानं जे मोजलं ते स्वतंत्र भारताच्या सरकारनं मोजलं नाही.

त्याच्याही आधीची गोष्ट. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग उघड झाला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगाचा कायदा झाला. तोच कायदा, सव्वाशे वर्षांचा म्हातारा, २०२० च्या मार्चमध्ये पुन्हा बाहेर काढला गेला. त्या काळी मुंबई ओस पडत चालली होती, माणसं मिळेल त्या गाडीनं, बोटीनं पळत होती. म्युनिसिपालटीला मोठी धास्ती कसली होती? व्यापारी जाण्याची नव्हे. हलालखोर आणि झाडूवाले शहर सोडून गेले तर शहर दोन दिवसांत राहण्यालायक उरणार नाही, ही. म्हणजे आमच्यावाचून शहर चालत नाही हे त्यांना तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. पण पुढं १८९८ साली इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट काढला. त्यानं सुरुवातीच्या वर्षांत गरिबांच्या खोल्या पाडल्या जास्त आणि बांधल्या कमी.

त्याच १८९७ सालात पुण्यात साथीशी लढायच्या दोन रीती होत्या. एक रँडसाहेबाची : गोरे शिपाई घराघरांत घुसवायचे, माणसं उचलून छावणीत टाकायची, सामान जाळायचं. दुसरी सावित्रीबाईंची : यशवंतानं पुण्याबाहेर माळावर उघडलेला दवाखाना, आणि मुंढव्याच्या महारवाड्यातून गायकवाडांच्या आजारी पोराला पाठीवर घेऊन तिथं पोचवणारी साठी पार केलेली बाई. १० मार्च १८९७ ला त्याच रोगानं त्या गेल्या. रोग्याला वेगळं ठेवायचं, हे दोघांचंही म्हणणं होतं. एकानं ते संगिनीनं केलं, एकीनं पाठीवर घेऊन. आज जे 'कडक धोरण की सैल धोरण' असा वाद घालतात त्यांना हे कळलेलंच नाही. सवाल कडक-सैलचा नाही. वेगळं ठेवलेल्या माणसाच्या तोंडात घास कोण घालतं, याचा आहे.

*

कुणी म्हणेल, या जुन्या गोष्टी, जग आता पुढं गेलंय. बरं, जगाकडंच बघू. चार देश घेऊ.

पहिला न्यूझीलंड. चहूबाजूंनी समुद्र, माणसं ५० लाख. २३ मार्च २०२० ला सांगितलं की परवा मध्यरात्रीपासून सगळं बंद. अठ्ठेचाळीस तास दिले. आणि त्याच्या आधीच मजुरीची योजना जाहीर केली होती : पूर्णवेळ कामगारामागं आठवड्याला ५८५ न्यूझीलंड डॉलर, बारा आठवड्यांचे एकरकमी, मालकानं माणूस कामावर ठेवायच्या बोलीवर. ८ जूनला देशात एकही रोगी उरला नव्हता. एरवीच्या मानानं जास्तीचे मृत्यू त्या वर्षांत जवळपास नाहीतच. पण तिथंही लस आली तेव्हा वयाची रांग लावली, आणि माओरी लोक मागं राहिले, कारण त्यांच्यात म्हातारं होईपर्यंत जगणारेच कमी आणि कमी वयातच दुखण्यानं पोखरलेले जास्त. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या वैतांगी न्यायाधिकरणानं सरकारला दोषी धरलं. सरासरीनं चांगलं धोरण तळातल्या माणसाला कसं गाळतं, त्याचा हा दाखला.

दुसरा पेरू. दक्षिण अमेरिकेतला गरीब देश. आठवणीत ठेवा, कारण तो आपला भाऊ आहे. १६ मार्च २०२० लाच कडकडीत बंद, रस्त्यावर लष्कर. कागदावर जगातल्या कडक टाळेबंद्यांपैकी एक. निकाल काय? मे २०२१ अखेर सरकारनं मेलेल्यांचा आकडा फेरमोजणी करून ६९ हजारांवरून १ लाख ८० हजारांवर नेला. लोकसंख्येच्या मानानं तो जगातला सगळ्यात वरचा आकडा ठरला. का? दहातले सात कामगार रोजंदारीचे. निम्म्याच्या आसपास घरांत फ्रिज नाही, म्हणजे रोज बाजाराला जाणं आलं. सरकारनं मदत दिली, पण बँकेत खातं नसलेल्यांना ती घ्यायला रांगेत उभं राहावं लागलं. रोग बाजारात आणि रांगेत पसरला. दार बंद करायचा हुकूम होता, पण दाराआड जगायची सोय नव्हती.

तिसरा स्वीडन. उघडं ठेवणाऱ्यांचा लाडका. तिथं लहान मुलांच्या शाळा चालू राहिल्या, दुकानं चालू राहिली. पहिल्या वर्षी शेजारच्या नॉर्वे-फिनलंडच्या कितीतरी पट माणसं मेली, त्यातली बरीचशी वृद्धाश्रमांतली. सरकारनंच नेमलेल्या आयोगानं डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं की म्हाताऱ्यांना वाचवण्यात आपण नापास झालो. स्टॉकहोमच्या बाहेर रिंकेबी-टेन्स्टाकडं राहणारे सोमाली स्थलांतरित सुरुवातीच्या मेलेल्यांत त्यांच्या संख्येच्या मानानं फार जास्त निघाले. पुढं मात्र २०२२ पर्यंतची सगळी वर्षं धरली तर स्वीडनचे जास्तीचे मृत्यू युरोपात खालच्या ओळीत दिसतात. हेही खरं, लपवायचं कारण नाही. पण आपले इथले उघडेवाले एक गोष्ट सांगत नाहीत. स्वीडननं आजारी पडलेल्या कामगाराला पहिल्या दिवसापासून आजारपणाचा पगार भरून दिला. ताप आला, घरी बैस, पैसे आम्ही देतो. हे आधी मान्य करा, मग स्वीडनचं नाव घ्या.

चौथा चीन. जानेवारी २०२० मध्ये वुहान बंद केलं, आणि जवळपास तीन वर्षं रोग शिरू द्यायचाच नाही म्हणून शहरंच्या शहरं कुलपात. पहिल्या दोन वर्षांत त्यानं खरोखर लोक वाचवले. पण कुलूप लावणाऱ्याला विचारायची सोय नव्हती. २४ नोव्हेंबर २०२२ ला उरुमचीत एका इमारतीला आग लागली, १० माणसं मेली. टाळेबंदीमुळं सुटका झाली नाही असं लोक म्हणाले आणि कोरे कागद हातात घेऊन रस्त्यावर आले. कोरे, कारण काही लिहिलं तर तुरुंग. दोन आठवड्यांत सरकारनं धोरण सोडलं, तेही तयारी न करता, आणि बरेच म्हातारे पुरेशा लसीविना रोगाच्या तोंडी गेले.

चार देश, चार रीती. बंद ठेवून तरलेला आहे, बंद ठेवून बुडालेला आहे. उघडं ठेवून आधी मार खाऊन नंतर सावरलेला आहे. मग 'बंद की उघडं' यावर काय डोंबलाचा वाद घालता? जिथं माणसाच्या हातात आधी पैसा, धान्य, दवाखाना पोचला तिथं दोन्ही रीतींनी बरंच निभावलं. जिथं नाही पोचला तिथं बंदही मारतं आणि उघडंही मारतं.

*

आता घरात या.

२४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले. बारा वाजल्यापासून सगळा देश बंद. १३५ कोटींहून जास्त माणसांना चार तास. त्या दिवशी देशात रोगी होते ५०० च्या आसपास. न्यूझीलंडच्या ५० लाखांना ४८ तास आणि पैसे, आपल्याला चार तास आणि भाषण. पैशाची योजना दोन दिवसांनी आली : बायकांच्या जनधन खात्यावर महिना ५०० रुपये, तीन महिने. माणशी ५ किलो धान्य फुकट. धान्य मिळालं, आणि त्यानं लोक जगले, हे मी नाकारत नाही. २०२२ च्या अखेरीपर्यंत ती योजना चालली. पण धान्य रेशनकार्डावर. ज्याचं कार्ड गावी आणि पोट शहरात, त्यानं काय करायचं? तो चालू लागला.

मग आपण सगळ्यांनी ते पाहिलं. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर. ३१ मार्चला सरकारच्या वकिलांनी सुप्रीम कोर्टात सांगितलं की आता रस्त्यावर कुणी नाही. बरेलीत घरी परतणाऱ्या माणसांना, बायकापोरांसकट, जमिनीवर बसवून त्यांच्यावर जंतुनाशक फवारलं. पीक समजून फवारलं. १४ एप्रिलला आपण बाबासाहेबांची जयंती घराघरांत दिवे लावून केली. त्याच दिवशी बंदी वाढल्याचं कळल्यावर वांद्रे स्टेशनाबाहेर हजारो मजूर गोळा झाले, 'घरी जाऊ द्या' एवढंच म्हणत होते, आणि त्यांना लाठी मिळाली. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याच्या पोलाद कारखान्यातली मध्य प्रदेशची पोरं, भुसावळची गाडी धरायला चालली होती. रुळांवर त्यांच्या पोळ्या पडलेल्या फोटोत दिसल्या.

ही १६ माणसं टाळेबंदीच्या हिशेबात कुठल्या रकान्यात येतात? रोगानं गेली नाहीत, म्हणून रोगाच्या मृत्यूत नाहीत. १४ सप्टेंबर २०२० ला कामगार मंत्रालयानं लोकसभेला लेखी उत्तर दिलं : स्थलांतरित मजूर किती मेले याची माहिती ठेवलेली नाही, म्हणून भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. १ कोटी ४ लाख मजूर घरी परतले हे त्याच मंत्रालयाला मोजता आलं. चालताना किती गळले ते मोजता आलं नाही. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाच्या रेट्यानं कोरोनानं गेलेल्याच्या घराला ५० हजार मंजूर झाले. टाळेबंदीनं गेलेल्याच्या घराला असा कुठला हक्क मिळाला नाही. एकाच धोरणाखाली दोन माणसं मेली, एकाला नोंद आहे, दुसऱ्याला नाही. मग सांगा, तुमच्या लाभ-हानीच्या तक्त्यात हानीचा रकाना भरला कुणी?

आता लाभाचा रकाना बघा. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्त तपासून पाहणी झाली. झोपडपट्टीत १०० पैकी ५७ जणांना रोग होऊन गेलेला. इमारतींत १०० पैकी १६ जणांना. टाळेबंदी एकच. इमारतीतल्या माणसाला तिनं वाचवलं, कारण त्याचं घर बंद होऊ शकत होतं. वस्तीत एका खोलीत आठ माणसं आणि शंभरांत एक संडास, तिथं 'घरात रहा' म्हणजे काय? वस्तीत वयानं तरुण जास्त, म्हणून पुष्कळ जण तगले. पण धंदा बुडाला तो दोघांपैकी कुणाचा? सीएमआयईच्या अंदाजानं एकट्या एप्रिल २०२० मध्ये १२ कोटींहून जास्त लोकांचं काम गेलं. त्यातले बहुतेक फेरीवाले, हातमजूर, रोजंदारीचे. लाभ सोळावाल्यांना, खर्च सत्तावन्नवाल्यांचा.

आणि सगळं बंद असताना काय चालू होतं? झाडू. मी तेव्हा रोज पाहत होतो : चौकात पोलीस, रस्ता मोकळा, आणि कचऱ्याच्या गाडीवर चार माणसं, तोंडाला घरचा रुमाल. रोग्याच्या घरातला कचरा यांच्या हातात, मढं उचलायला हेच. त्यांना 'योद्धे' म्हणून टाळ्या वाजवल्या, थाळ्या बडवल्या. थाळीवर भाकरी वाढली असती तर बरं झालं असतं. कंत्राटी माणूस योद्धा झाला तरी कंत्राटीच राहिला.

शब्द तरी बघा, कुठला निवडला! 'सामाजिक अंतर.' जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२० मध्येच सांगितलं की शारीरिक अंतर म्हणा, सामाजिक नको. पण आपल्याकडं तोच शब्द घरोघर, पाटीपाटीवर. ज्या देशानं हजारो वर्षं सामाजिक अंतर पाळून माणसं गावकुसाबाहेर ठेवली, त्या देशात हा शब्द वापरताना कुणाची जीभ अडखळली नाही.

*

यावर कुणी मला विचारेल, मग काय, उघडं ठेवायला हवं होतं? नाही. उघडं ठेवलेलंही आपण पाहिलंय. २०२१ चा मार्च-एप्रिल. प्रचाराच्या सभा भरल्या, कुंभमेळा भरला, देशभराची टाळेबंदी नव्हती. माणसं ऑक्सिजनवाचून तडफडत मेली. नद्यांत प्रेतं वाहिली. त्या वेळी बंगल्यातला माणूसही सिलिंडर शोधत फिरत होता. वर्षभरापूर्वी आमच्या घामाच्या किमतीत वेळ विकत घेतला होता, त्या वेळात तपासणीच्या प्रयोगशाळा वाढल्या, मास्क-पोशाख इथं बनू लागले, हे झालं. पण खाटा, ऑक्सिजन, डॉक्टर, नर्सा पुरेशा उभ्या राहिल्या नाहीत. टाळेबंदी म्हणजे उसनवारीचा वेळ. उसन्या पैशानं बी विकत घेतलं तर पीक येतं, नाहीतर नुसतं व्याज चढतं. ते व्याज २०२१ मध्ये सगळ्यांनी भरलं.

आणि अजून भरतायत आपली पोरं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ज्याँ द्रेझ आणि मंडळींनी १५ राज्य-प्रदेशांत सुमारे १४०० मुलांची पाहणी केली. खेड्यात नियमित ऑनलाइन शिकणारी पोरं शंभरात ८. त्यात दलित-आदिवासींची ४, बाकीच्यांची १५. शंभरात ३७ पोरं अजिबात काही शिकत नव्हती. फुले-आंबेडकरांनी दोन पिढ्या खपून जे दार उघडलं ते मोबाइलच्या रिचार्जअभावी दीडेक वर्ष बंद राहिलं. हा तोटा राष्ट्रीय उत्पन्नाच्या त्या तिमाहीत दिसत नाही. तो वीस वर्षांनी दिसेल, आणि तेव्हा म्हणतील, यांच्यात गुणवत्ताच नाही.

क्षयाचंही तसंच. २०१९ मध्ये देशात क्षयाचे २४ लाख रोगी नोंदले गेले, २०२० मध्ये १८ लाख. क्षय कमी झाला नाही, दवाखाना लांब झाला. सहा लाख माणसं खोकत घरातच बसली, त्यांच्याजवळ त्यांची पोरं झोपली. क्षय हा कुणाचा रोग आहे ते तुम्हाला सांगायला नको. मोठ्यांच्या रोगासाठी गरिबाच्या रोगाचा दवाखाना बंद केला, ही किंमत कोणत्या तक्त्यात आहे?

लस आली तेव्हा १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्यांना ऑनलाइन नोंदणी सक्तीची. शहरातली पोरं गाड्या काढून खेड्यातल्या केंद्रांवर टोचून आली आणि गावातली माणसं बघत राहिली. ३१ मेला सुप्रीम कोर्टानंही विचारलं की ज्याच्याकडं स्मार्टफोन नाही, नेट नाही, त्यानं काय करायचं. म्हणजे बंद करायचं धोरण, उघडायचं धोरण, लस द्यायचं धोरण, तिन्हींत रांग तीच. आम्ही शेवटी.

*

इथं दुसरं काही करता येत नव्हतं का? येत होतं. केरळनं टाळेबंदीच्या आधीच, १९ मार्चला, २० हजार कोटींची योजना जाहीर केली आणि गावोगाव बायकांच्या गटांनी सामूहिक चुली पेटवल्या. महाराष्ट्रात शिवभोजन थाळी पाच रुपयांवर आणली, त्यावर शहरातली पुष्कळ माणसं जगली. आणि धारावी बघा. दोन-अडीच चौरस किलोमीटरात आठ लाखांवर माणसं, बहुतेकांना सार्वजनिक संडास. १ एप्रिलला पहिला रोगी निघाला तेव्हा सगळ्यांनी धारावीचं मर्तिक मांडलं होतं. तिथं पालिकेच्या आणि गल्लीतल्या डॉक्टरांनी दारोदार फिरून ताप शोधला, शाळा आणि लग्नाच्या हॉलात खाटा टाकल्या, रोग्याला तिथं दोन वेळचं जेवण दिलं. जुलैपर्यंत रोग उतरला आणि जागतिक आरोग्य संघटनेनं नाव घेतलं. बरीच माणसं गावी निघून गेली होती, बऱ्याच जणांना रोग होऊनही गेला होता, हेही त्यात धरा. पण कळायचं ते कळलं. वेगळं ठेवायचं तर खाट आणि ताट दोन्ही द्यावं लागतं. आणि हे काही नवं नाही. १९७२ च्या दुष्काळात याच महाराष्ट्रात खडी फोडणाऱ्या माणसांच्या रेट्यातून रोजगार हमी निघाली आणि पुढं कायदा झाला. संकटात काम देणं ही सरकारची मेहरबानी नाही, हक्क आहे, हे देशाला इथल्या अंगमेहनतीच्या माणसानं शिकवलं.

म्हणून पुढच्या साथीसाठी, आणि ती येणारच, आमचं म्हणणं आजच लिहून ठेवतो.

एक. बंद करण्याआधी मजुरी. आधी हातात पैसा आणि कार्ड न बघता धान्य, मग कुलूप. ज्याला गावी जायचंय त्याला आधी गाडी.

दोन. मोजणी दोन्हींची. रोगानं गेलेले मोजा, धोरणानं गेलेलेही मोजा. दोन्ही आकडे जातीवार, वस्तीवार छापा. भरपाई दोघांना सारखी.

तीन. साथीत जो झाडू चालवतो, मढं उचलतो, त्याला कायम नोकरी, पोशाख, विमा. टाळ्या नकोत.

चार. शाळा सगळ्यात शेवटी बंद आणि सगळ्यात आधी उघडी. आधी दारूचं दुकान आणि मॉल उघडून शाळेला कुलूप ठेवणाऱ्यांना जाब विचारला पाहिजे.

पाच. क्षयाचा, बाळंतपणाचा, ताप-खोकल्याचा दवाखाना कुठल्याही साथीत बंद होता कामा नये. सरकारनं २०१७ मध्ये लिहून दिलं होतं की आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ. विचारा, पोचले का तिथवर?

सहा. वस्तीत नळ आणि संडास. हात धुवा म्हणणाऱ्यानं आधी पाणी द्यावं.

हे मागितलं की तज्ज्ञ म्हणतील, खर्च परवडत नाही. त्यांना सांगा, खर्च तेव्हाही झाला. फक्त तो तिजोरीतून न होता आमच्या अंगातून झाला, म्हणून तुम्हाला फुकट वाटला.

आणि दोस्तांनो, नुसतं त्यांना शिव्या देऊन भागणार नाही. सरकारनं मोजलं नाही तर आपण मोजायचं. या अंकाबरोबर एक कोरा तक्ता घातलाय. आपापल्या वस्तीत जा. घरटी विचारा : २०२० ते २०२२ मध्ये घरातलं कोण गेलं, कशानं गेलं, काम किती दिवस बंद होतं, कर्ज किती झालं, कुठली पोर शाळेतून सुटली ती परत गेली का, कुणाचं औषध तुटलं. नावं छापायची नाहीत, आकडे छापायचे. पन्नास घरांचा तक्ता झाला तरी पाठवा. म्हाताऱ्या माणसांची आठवण पुसट व्हायच्या आत हे काम झालं पाहिजे. पुढच्या अंकाची पानं यासाठी मोकळी ठेवली आहेत.

जय भीम.